पातळी

बाहेर उणे एकतीस.
कायानीच्या बाराशे इमारतींच्या भिंतींतून गरम पाणी फिरतंय
आणि त्या पाण्यामागे
चारशे बारा दिवस न थांबलेला एक प्रोग्रॅम.

थांबवून बघ ना, असं दिवसपाळीचे लोक सहज म्हणतात.
थांबवला तर झडपा असतील तिथे थिजतात,
वीस मिनिटं कुणी कुणाला विचारत नाही.
उणे एकतीसमध्ये वीस मिनिटं म्हणजे काय,
ते उर्पोला विचारा.
(तो सांगणार नाही.)
शिवाय मागे दोनदा थांबवून झालंय.
सुरू केला की दुखणं गायब, महिनाभर अगदी साळसूद,
आणि मग पुन्हा रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
अकरा सेकंद सगळे पंप अडखळतात,
अंधारात एक पायरी जास्त मोजलेल्या माणसासारखे.

लॉग उघडला तर मिठाची गुळणी.
पातळी ‘वॉर्निंग’वर,
म्हणजे घर पेटल्याशिवाय बोलायचं नाही.
कुणाला दोष देऊ? मीच लावली होती ती,
डिस्क भरते म्हणून,
सहा वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी, घरी जायच्या घाईत.

उर्पोचीही एक वही आहे, कागदाची.
‘०३.००. काही नाही.’
‘०३.००. काही नाही.’
पानंच्या पानं.

आज तीनला पाच कमी असताना मी आत शिरले.
सगळ्यांची तोंडं उघडायची नाहीत,
बाराशे इमारती एकदम बोलू लागल्या
तर उजाडायच्या आत डिस्क तुडुंब.
फक्त एक शाखा, दारोदार तापमान विचारत फिरणारी.
तिच्यापुढचा ‘वॉर्निंग’ खोडला, ‘डीबग’ लिहिलं.
एंटर.
पंपांना पत्ता नाही.
आजाऱ्याला न उठवता त्याच्या खालची चादर बदलतात, तसं;
आई कुओपिओच्या इस्पितळात रोज बदलायची,
आणि घरी आल्यावर तिला स्वतःला झोप नसायची.

मग ओळी आल्या.
वृद्धाश्रम, चौसष्ट अंश, ठीक.
बेकरी, एकसष्ट, ठीक.
चर्चचं तळघर, अठ्ठावन्न, ठीक.
०३:१०:००. जुना तरणतलाव. विचारलं.
वाट पाहतोय.
वाट पाहतोय.
वाट पाहतोय.
०३:१०:११. उत्तर नाही. पुढे.

तरणतलाव पाडून नऊ वर्षं झाली.
तिथे आता टायर विकतात.
कुठली तरी जुनी यादी दर महिन्याला
मागच्या दाराने परत आत येते,
तिच्यात हा एक पत्ता,
आणि हा शहाणा रोज रात्री त्या दारावर थाप मारून
अकरा सेकंद उभा राहतो.
ताकास तूर लागू दिली नव्हती.
दार न उघडणं ही त्याच्या लेखी
वॉर्निंग नव्हतीच.

उर्पो चष्मा लावून खुर्चीमागे आला.
ओळ वाचली. पुन्हा वाचली.
‘सव्वीस अंश असायचं तिथलं पाणी,’ म्हणाला.
‘बुधवारी अठ्ठावीस. लहान मुलं यायची.
मी स्वतः चढवायचो.’
मग बऱ्याच वेळाने,
मी विचारलंही नव्हतं:
‘उथळ बाजूला पातळी नव्वद सेंटिमीटर.
एकदाही खाली गेली नाही.’

तीन सव्वीसला मी ‘डीबग’ खोडलं,
‘वॉर्निंग’ परत लिहिलं.
मध्येच एका वाक्यावर लॉग गप्प झाला.
पत्ता मात्र असा चालता चालता खोडता येत नाही,
त्यासाठी थांबवावंच लागेल. मे महिन्यात,
झडपांना कुणाची निकड नसताना.
तसं लिहून ठेवलंय.

दुसऱ्या रात्री तीन दहाला
पडद्यावर एक अक्षर नाही.
उर्पोचा कप ओठांपाशी थांबला.
मी मोजत होते.
अकरा म्हणता त्याने घोट घेतला
आणि वहीत लिहिलं,
काय ते मी पाहिलं नाही,
पण दोन शब्दांपेक्षा
त्याला जास्त वेळ लागला.